सात वर्षं उलटली, आता कशाला लिहायचं?

ताई, नमस्कार.

मी मूळचा नाशिकचा. एमएस करायला अमेरिकेत आलो आणि पुढे न्यू जर्सीतच नोकरी लागली. २०१५ मध्ये मित्राकडच्या पार्टीहून परतताना पोलिसांनी गाडी थांबवली. ब्रेथ टेस्टमध्ये ०.१३ आलं. डीडब्ल्यूआय (दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप) लागला, सात महिने लायसन्स गेलं, आयडीआरसीत, म्हणजे अशा चालकांना सक्तीने पाठवतात त्या केंद्रात, दोन दिवस बसून आलो. पण शहाणपण काही आलं नाही. पुढची तीन-चार वर्षं रोज रात्री घेतल्याशिवाय झोप येत नव्हती. बायको मुलीला घेऊन काही महिने तिच्या बहिणीकडे राहायला गेली. २०१९ मध्ये भारतात गेलो तेव्हा आई आणि बायकोने मिळून मला पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं. तिथल्या डॉक्टरांनी 'अल्कोहोल डिपेंडन्स' असं निदान केलं आणि यापुढे थेंबही नको असं बजावलं.

त्यानंतर तीन वर्षं हात लावला नाही. आता कधीतरी ऑफिसच्या कार्यक्रमात किंवा मंडळाच्या दिवाळीत एखादी बिअर घेतो. त्यापुढे जात नाही, गाडी बायको चालवते. गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं. आता उत्तर व्हर्जिनियातली एक कंपनी मला नोकरी देतेय आणि 'सिक्रेट' क्लिअरन्ससाठी, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळायच्या परवानगीसाठी, स्पॉन्सर करणार आहे. त्यासाठी एसएफ-८६ नावाचा सरकारी फॉर्म भरायचा आहे. मंडळातला एक मित्र म्हणतो, न्यू जर्सीत डीडब्ल्यूआय म्हणजे ट्रॅफिक तिकीट, गुन्हा नव्हे. त्यात फॉर्मवर मागच्या सात वर्षांचंच विचारतात, आणि ती कधीच उलटली. पुण्यातलं तर कुणाला कळणारही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! बायको म्हणते, सगळं लिही. लिहिलं तर क्लिअरन्स मिळेल का? आत्ता समुपदेशनाला जायला लागलो तर उलटा संशय येईल का? आणि खरं सांगू, हा फॉर्म कंपनीतही वाचतात म्हणे, त्याचीच जास्त लाज वाटते.

— क्ष, व्हर्जिनिया

नमस्कार.

बायकोचं ऐका. पत्राचं निम्मं उत्तर एवढंच आहे. उरलेलं निम्मं जरा लांब आहे, कारण ज्या गोष्टीची तुम्हाला सगळ्यात कमी काळजी वाटतेय, तीच मला सगळ्यात जास्त खटकली.

आधी माझ्याबद्दल. मी वकील नाही. संरक्षण खात्याची कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीत निवृत्तीपर्यंत फॅसिलिटी सिक्युरिटी ऑफिसर, म्हणजे एफएसओ, होते. लोकांचे एसएफ-८६ तपासून पुढे पाठवणं हेच काम. दार लोटून घेऊन, आवाज खाली आणून 'मॅडम, एक विचारू का' म्हणणारी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मनात तुमचाच प्रश्न असायचा.

तुमच्या मित्राचे तीन मुद्दे घेऊ.

न्यू जर्सीबद्दल तो अर्धा बरोबर आहे. तिथे डीडब्ल्यूआय हा वाहतूक कायद्याखालचा अपराध धरतात, व्हर्जिनियासारखा फौजदारी गुन्हा नव्हे. पण एसएफ-८६ वर न्यू जर्सीची व्याख्या चालत नाही. पोलीस रेकॉर्डच्या विभागात, म्हणजे सेक्शन २२ मध्ये, वाहतुकीच्या किरकोळ दंडाला सूट आहे. दंड तीनशे डॉलरच्या आत असेल तर तो लिहायची गरज नाही, आणि लगेच पुढे अट आहे: त्यात दारू किंवा ड्रग्जचा संबंध नसेल तरच. त्याच विभागात आणखी एक स्वतंत्र प्रश्न आहे, दारू किंवा ड्रग्जशी संबंधित आरोप तुमच्यावर कधीही ठेवला गेला होता का? म्हणजे सात वर्षांचा मुद्दाही तिथेच निकालात निघाला. सात वर्षांची मर्यादा काही प्रश्नांना आहे, सगळ्यांना नाही, आणि लोक नेमके इथेच फसतात. कोर्टाने रेकॉर्ड सील केलं असतं किंवा पुसून टाकलं असतं तरीही तुम्हाला लिहावंच लागलं असतं.

पुण्याचंही तसंच. दारूचा विभाग सेक्शन २४ आहे. त्यातल्या पहिल्या प्रश्नाची मुदत सात वर्षांची: या काळात पिण्यामुळे नोकरीवर, नात्यांवर, पैशांवर वाईट परिणाम झाला का, किंवा पोलीस मध्ये पडले का. पुढच्या प्रश्नांना मुदत नाही. कुणी तुम्हाला उपचार घ्यायला कधीही सांगितलं होतं का, सुचवलं होतं का, हुकूम केला होता का? तुम्ही आपणहून कधी उपचार घेतलेत का? 'कधीही' म्हणजे २०१९ आलंच, आणि पुणेही आलंच. घटना अमेरिकेतली असो की परदेशातली, सगळी द्या अशी सूचना सेक्शन २२ मध्येही आहे. म्हणून भारतातल्या नाकाबंदीत कधी सापडला असाल, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली केस झाली असेल, तर तीही आत्ताच आठवून ठेवा. पत्रात तुम्ही ती लिहिलेली नाही. ती खरोखरच झालेली नाही असं मी धरून चालते.

आता ती झाकली मूठ. ती झाकलेली नाहीच. न्यू जर्सीच्या मोटर व्हेइकल कमिशनकडे तुमचं रेकॉर्ड आहे, म्युनिसिपल कोर्टाकडे आहे. आणि गेल्या वर्षी नागरिकत्वासाठी तुम्ही एन-४०० भरलात ना? त्यात कधीही अटक, साइटेशन, आरोप झाला का असं विचारतात. 'हॅबिच्युअल ड्रंकर्ड' होता का असाही एक जुन्या वळणाचा प्रश्न त्याच्या आधीच्या आवृत्त्यांत असायचा. तिथे तुम्ही डीडब्ल्यूआय लिहिला असेल, आणि मुलाखतीतही त्यावर बोलणं झालं असेल, तर ते सगळं इमिग्रेशनच्या फाइलमध्ये पडून आहे आणि तपास करणाऱ्यांना ती फाइल मिळते. एका सरकारी फॉर्मवर 'हो' आणि दुसऱ्यावर 'नाही', खाली सही त्याच माणसाची. हे कुणालाही समजावता येत नाही. उलट एन-४०० वरच तुम्ही गप्प राहिला असाल, तर मात्र माझा सल्ला बदलतो. एसएफ-८६ ला हात लावायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. तो प्रश्न क्लिअरन्सपेक्षा मोठा आहे आणि वर्तमानपत्राच्या सदरातून सोडवायचा नाही.

खोटं लिहिल्याची शिक्षा फॉर्मवरच छापलेली असते: फेडरल कायद्याच्या कलम १००१ खाली पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास. प्रत्यक्षात लोक सहसा तुरुंगात जात नाहीत, पण क्लिअरन्स जातो. आणि मग कारण दारू राहत नाही, अप्रामाणिकपणा होतो. हे निर्णय ज्या नियमावलीवर होतात तिला सीड-४ म्हणतात, ती ८ जून २०१७ पासून लागू आहे. ए पासून एम पर्यंत तेरा गाइडलाइन्स. दारू 'जी' मध्ये आहे, लपवाछपवी 'ई' मध्ये. 'जी' मधून माणूस काळानुसार आणि वागणुकीनुसार बाहेर येतो. 'ई' मधून बाहेर येणं फार कठीण, कारण तिथे प्रश्न असतो तुमच्या शब्दाचा, आणि तो शब्द चांगला आहे हे सांगायलाही तुम्हाला पुन्हा शब्दच वापरावे लागतात.

या सगळ्या क्षेत्रात ज्या निकालाचं नाव सतत निघतं तो १९८८ चा सुप्रीम कोर्टाचा, नौदल विरुद्ध इगन. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनला ट्रायडेंट पाणबुड्यांच्या तळावर काम करणारा हा साधा मजूर. नौदलाने त्याला क्लिअरन्स नाकारला. कारणं काय दिली? जुन्या शिक्षा, नोकरीच्या अर्जात त्यांतल्या दोन न सांगणं, आणि शिवाय पूर्वी दारूचा त्रास होता, शिक्षेचे शेवटचे २८ दिवस त्याने दारूमुक्तीच्या कार्यक्रमात काढले होते. तो म्हणाला, तीन वर्षं मला दारूचा काही त्रास नाही. कोर्ट त्याच्या गुणदोषांत शिरलंच नाही. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही आणि शंका उरली तर नकाराच्या बाजूला झुकावं, असं ठरलं. तेव्हापासून आजपर्यंत कायद्याची बैठक हीच आहे. सरकारला तुमच्याविरुद्ध काही 'सिद्ध' करून दाखवायचं ओझं फारसं नसतं. शंका फेडायचं ओझं तुमच्यावर असतं. आपल्याकडे 'पुरावा कुठाय' म्हणायची सवय असते, ती इथे चालत नाही.

मग २०१५ च्या त्या रात्रीने तुमचा क्लिअरन्स जाईल का? तेवढ्याने जाईल असं मला वाटत नाही. एक डीडब्ल्यूआय, दहा वर्षांपूर्वीचा, पुन्हा झालेला नाही. 'जी' मध्येच लिहिलंय की बराच काळ गेला असेल, घटना विरळ असेल आणि पुन्हा होण्यासारखी नसेल, तर ती बाजूला ठेवता येते. तुमच्या बाबतीत त्या रात्रीनंतर रोजचं पिणं सुरू झालं, म्हणून ती एकटी घटना म्हणून सुटणार नाही हे खरं. पण त्यावरही उपचार झाले, निदान झालं, तीन वर्षं तुम्ही कोरडे राहिलात. इथवरची गोष्ट चांगली आहे. मी एफएसओ असते तर अशा माणसाचा अर्ज निःशंकपणे पुढे पाठवला असता.

आणि मग येते ती बिअर.

तुम्ही पत्रात ती एका ओळीत उडवून लावलीत. गाडी बायको चालवते, असंही लिहिलंत, म्हणजे आपण किती जबाबदारीने वागतो हे मला दाखवलंत. पण 'जी' मध्ये शंकेची कारणं जिथे मांडली आहेत तिथे व्यसनाचं निदान झालेलं असणं हे एक स्वतंत्र कारण आहे. आणि त्याच्यापुढे आणखी एक आहे: निदान झाल्यानंतर, उपचार करणाऱ्याने दिलेल्या सल्ल्याविरुद्ध दारू पिणं. किती प्यायलात हे तिथे विचारलेलं नाही. गाडी कोण चालवत होतं तेही नाही. सल्ला काय होता आणि तुम्ही काय केलंत, एवढंच बघतात. तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांनी 'थेंबही नको' सांगितलं होतं, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या ०.१३ पेक्षा मागच्या दिवाळीतली बाटली तुम्हाला जास्त महागात पडू शकते.

हे पटायला अवघड आहे, मला माहीत आहे. चार वर्षं रोज रात्री पिणारा माणूस आता वर्षातून दोन-चार वेळा एक बिअर घेतो, ही सुधारणा नव्हे तर काय? नियमावलीही तसं म्हणतेच. सावरण्याच्या अटींत 'पूर्ण वर्ज्य' बरोबरच 'कमी केलेलं पिणं' हेही शब्द आहेत. पण दोन्हींच्या मागे शेपूट एकच, 'उपचारातल्या सल्ल्यानुसार'. ज्याला डॉक्टरांनी बेताने घ्या म्हटलं आणि जो बेताने घेतो, त्याला ही अट तारते. तुम्हाला ती तारत नाही. ॲडज्युडिकेटरच्या, म्हणजे क्लिअरन्सचा निर्णय देणाऱ्याच्या, नजरेतून बघा. त्याच्यासमोरचा माणूस उद्या गोपनीय कागद हाताळणार आहे, आणि त्या कामात नियम पाळायचे असतात ते स्वतःला पटले म्हणून नव्हे. असा माणूस डॉक्टरांचा स्पष्ट नियम 'मला आता जमतंय' म्हणून आपल्यापुरता सैल करतो. दारूपेक्षा हे त्याला जास्त खुपतं, आणि मला ते चूकही वाटत नाही.

तेव्हा आजपासून शून्य. क्लिअरन्सची कटकट संपेपर्यंत नव्हे. तसं ठरवलंत तर मुलाखतीत ते बोलण्यातून बाहेर येतंच. 'पुढे काय करणार' हा प्रश्न हमखास असतो. मंडळाच्या दिवाळीत बेसमेंटमधल्या बारपाशी 'एकाने काय होतंय' म्हणणारे भेटतील. त्यांना कारण देत बसू नका. हातात सोडा-लिंबू असला की निम्मे लोक विचारत नाहीत.

किती महिने कोरडं राहिलं की पुरे, हे विचाराल. नियमात आकडा नाही. कुणी 'एक वर्ष झालं की पास' असं छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. काळ जितका जास्त तितकं बरं, आणि नुसत्या काळापेक्षा त्याच्यामागे काय उभं आहे हे महत्त्वाचं. कंपनी थांबायला तयार असेल आणि फॉर्म दोन-चार महिने उशिरा गेला तर तुमचं नुकसान नाही. पण थांबत नसेल तर अर्धवट काळातच खरं लिहून पाठवा.

आता समुपदेशनाबद्दल. संशय येईल म्हणून जायचं नाही, हे उलटं गणित आहे. आपणहून उपचार घेणं, कार्यक्रमात प्रगती असणं, कार्यक्रम पुरा करणं, या तिन्ही गोष्टी नियमावलीत तुमच्या बाजूच्या रकान्यात आहेत. एखाद्या परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्करकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन नव्याने मूल्यमापन करून घ्या. जाताना पुण्याचे कागद बरोबर न्या. डीडब्ल्यूआय, रोजचं पिणं, बायकोचं घर सोडून जाणं, आणि आत्ताची बिअर, सगळं सांगा. निम्मी हकीकत ऐकून दिलेला गोड अहवाल हा पुरावा म्हणून पोकळ ठरतो. प्रकरण पुढे सुनावणीपर्यंत गेलं, तर तिथे पहिला प्रश्न असतो तो डॉक्टरांना पूर्ण माहिती होती का. आणि 'बेताने घ्यायला हरकत नाही' असं लिहून देणारा सापडेपर्यंत डॉक्टर बदलत राहू नका. तेही कागदांवरून कळतं.

एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांना जात असाल तर चांगलंच, पण तीच एक वाट आहे असं नाही. रक्ताची एक पीईटीएच नावाची चाचणी आहे, तिच्यात साधारण मागच्या दोन ते चार आठवड्यांतलं पिणं दिसतं. ती थोड्याथोड्या काळाने करून निकाल जपून ठेवले तर 'मी सोडली' या वाक्याला आधार मिळतो. हे कुणी मागितलेलं नाही, पण असलेलं बरं.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ पुण्याचे घेतील, म्हणून सुरुवात तिथून करा. मुक्तांगण हे नाव आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या त्या केंद्राने महाराष्ट्रात या उपचाराची लाज कितीतरी कमी केली. पण व्हर्जिनियातल्या तपासनीसाला हे नावही माहीत नसतं आणि आपल्याकडे केंद्र कसं चालतं हेही नसतं. तुम्ही ज्या केंद्रात होतात त्यांच्याकडून लेटरहेडवर पत्र मागवा: दाखल तारीख, सुटी तारीख, निदान, सल्ला, नंतरचा पाठपुरावा. डिस्चार्ज कार्ड मराठीत असेल किंवा डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरातलं असेल, तर अधिकृत इंग्रजी भाषांतर जोडा. एक तपशील मुद्दाम बघा. भारतात अजूनही बरेच डॉक्टर 'डिपेंडन्स सिंड्रोम' लिहितात, इथे २०१३ पासून 'अल्कोहोल यूज डिसऑर्डर' म्हणतात आणि तो सौम्य, मध्यम, तीव्र असा मोजतात. नवं मूल्यमापन करणाऱ्याला हे दोन्ही जुळवून लिहायला सांगा, नाहीतर फाइलमध्ये दोन वेगळे आजार असल्यासारखं दिसतं.

न्यू जर्सीच्या कोर्टाकडून निकालाची प्रमाणित प्रत मागवा, आणि आयडीआरसीचा पूर्ततेचा दाखलाही. आयडीआरसीत नुसते व्हिडिओ दाखवत नाहीत. तिथे तुमची तपासणी करून, गरज वाटली तर उपचारांकडे पाठवतात. तुम्हाला तसं पाठवलं होतं का? पाठवलं असेल आणि तुम्ही गेला नसाल, तर ते स्वतंत्रपणे लिहावं लागेल, आणि ते तपासनीसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा आज शोधलेलं बरं.

फॉर्म आता ईॲप नावाच्या पोर्टलवर भरतात. 'हो' वर टिचकी मारली की खाली नवे रकाने उघडतात: तारखा, ठिकाण, डॉक्टरांचं नाव-पत्ता, उपचार पुरा केला का. या रकान्यांच्या शेवटी शेरा लिहायची एक चौकट असते. लोक ती रिकामी सोडतात किंवा तिच्यात निबंध लिहितात. तुमच्यासाठी मी सुचवेन ते एवढंच: 'ऑगस्ट २०१५ ला डीडब्ल्यूआय झाला, शिक्षा पुरी केली. २०१६ ते २०१९ रोज पीत होतो, त्याने संसारावर परिणाम झाला. २०१९ मध्ये पुण्यात निवासी उपचार घेतले, निदान झालं, पूर्ण वर्ज्य करण्याचा सल्ला मिळाला. २०२२ पर्यंत पाळला. त्यानंतर अधूनमधून एक बिअर घेतली, हे सल्ल्याविरुद्ध होतं. अमुक तारखेपासून पूर्ण बंद आहे, अमुक तारखेला नवं मूल्यमापन झालं.' महिने-तारखा कागद बघून तुमच्या घाला, मी अंदाजाने लिहिल्यात. मित्रांनी आग्रह केला, अमेरिकेत एकटेपणा होता, बॉसचा जाच होता, यांतलं काही नको. मुलाखतीत विचारलं तर सांगा. आणि 'सल्ल्याविरुद्ध होतं' हे दोन शब्द कापू नका, अख्ख्या चौकटीत सगळ्यात जास्त काम तेच करतील.

मुलाखत होईलच असं धरून चाला. बायकोशी, शेजाऱ्यांशी, तुम्ही संदर्भ म्हणून दिलेल्या लोकांशीही बोलतील आणि त्यांना पिण्याबद्दल विचारतील. कुणालाही पढवू नका. मंडळातल्या त्या मित्राचं नाव संदर्भात देऊ नका, एवढं मात्र सुचवते. असा हितचिंतक तपासनीसासमोर 'तो? छे, कधीच नाही' म्हणून मोकळा होईल.

कंपनीची लाज. एफएसओ तुमचा फॉर्म बघतो तो रकाने पुरे भरलेत की नाही एवढ्यापुरता. त्यातली माहिती दुसऱ्या कशासाठीही वापरायची किंवा कुणाला सांगायची नाही, असा नियम आहे. तुमच्या मॅनेजरला सेक्शन २४ दिसत नाही. एफएसओला दिसतो, पण त्याने यापेक्षा कितीतरी भारी वाचलेलं असतं, आणि दुपारी जेवताना त्याला तुमचं नावही आठवत नसतं.

पुढचं थोडक्यात. तपास संरक्षण खात्याची डीसीएसए ही संस्था करते आणि निर्णयही तिथेच होतो. तात्पुरता, म्हणजे इंटेरिम, क्लिअरन्स तुम्हाला बहुधा मिळणार नाही. घाबरू नका, तो अंतिम नकार नव्हे, पण कंपनीला तोवर थांबता येईल का हे आधी विचारून घ्या. शंका उरली तर 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' नावाचं पत्र येईल. त्यात मुद्दे क्रमाने असतात. पत्र मिळाल्यापासून वीस दिवसांत प्रत्येक मुद्दा मान्य की अमान्य हे शपथेवर लेखी कळवायचं. या टप्प्यावर, आणि खरं तर या टप्प्याआधीच, या विषयातला वकील घ्या. सुनावणी डोहापुढे होते (कतारचं नव्हे, संरक्षण खात्याच्या सुनावणी-अपील कार्यालयाचं हे लघुरूप). न्यायाधीश तुम्हाला समोरासमोर ऐकतो. नुसत्या कागदांवर निर्णय मागायचीही सोय आहे, पण तुमच्यासारख्या प्रकरणात माणूस दिसायला हवा, म्हणून सुनावणीच मागा. डोहाचे निकाल नावं काढून इंटरनेटवर टाकलेले असतात. 'गाइडलाइन जी' चे थोडे वाचा. निदान, सल्ला, आणि त्यानंतरचं पिणं हा धागा किती वेळा येतो ते दिसेल, आणि ज्यांनी तो धागा वेळीच तोडला तेही दिसतील. नकार आलाच तर वर्षभराने पुन्हा विचार करा म्हणून मागता येतं, अर्थात तेव्हाही स्पॉन्सर लागतो.

आणि मिळाला तर? तर २०१७ चाच सीड-३ नावाचा दुसरा नियम लागू होतो. क्लिअरन्सवाल्यांवर आता सतत नजर असते, पाच-दहा वर्षांनी होणारी जुनी फेरतपासणी राहिलेली नाही. कुठे अटक झाली, दारूसाठी पुन्हा उपचार घ्यावे लागले, तर ते आपणहून एफएसओला कळवायचं असतं. घसरलात तर डॉक्टरांकडे जा आणि लगेच कळवा, या क्रमाने. उपचार घेतले म्हणून क्लिअरन्स आपोआप जात नाही. संगणकाने पकडेपर्यंत गप्प बसलात, तर मात्र गोष्ट पुन्हा गाइडलाइन 'ई' वर येते.